भाव-फलकातली शिरोरेषा : तीन ईप्रॉम वाचण्याच्या नोंदी

१० फेब्रुवारी २०२४, शनिवार

फलक आज घरी आला. टेम्पोवाल्याने आणि मी मिळून तो अंगणात उतरवला.

आमच्या तालुक्याच्या बाजार समितीत लिलाव शेडच्या दारावर हा भाव-फलक १९९० पासून होता. लाल एलईडीच्या सोळा ओळी, लांबी सहा फुटांच्या आसपास, आणि त्यावरून उजवीकडून डावीकडे सरकणारी मराठी अक्षरं. कांदा, आवक, किमान, कमाल, सरासरी. शाळा सुटली की दप्तर पाठीवर घेऊन मी तो वाचत उभा राहायचो. जोडाक्षरं मी पुस्तकाआधी तिथे वाचायला शिकलो, असं आई अजून सांगते. गेली बरीच वर्षं तो बंद होता. आता शेडचे पत्रे बदलायला काढले तेव्हा भंगाराच्या ढिगात गेला. रीतसर अर्ज केला, दुरुस्त झाला तर समितीला परत देईन असं लिहून दिलं, तेव्हा हातात आला.

झाकण उघडलं. आत कुंभारमाशीची मातीची घरं, कांद्याची सालं, बोटभर धूळ. धुळीखाली हिरवी पाटी आणि तिच्यावर चाळीस पायांचा ८०३१, म्हणजे फलक चालवणारा मायक्रोकंट्रोलर. हे पाहून जीव भांड्यात पडला. ८०३१ च्या पोटात स्वतःची आज्ञावली नसते, ती सगळी बाहेरच्या मेमरीत असते. इथे आज्ञावली पोटातच ठेवणारा ८७५१ असता आणि त्याला कुलूप घातलेलं असतं, तर काम तिथेच थांबलं असतं. शेजारी काचेच्या खिडकीच्या तीन आयसी, म्हणजे ईप्रॉम: वीज गेली तरी लिहिलेलं धरून ठेवणारी मेमरी. दोनांवर कागदी चिकटपट्टी, बॉलपेनने लिहिलेलं: ‘पी-१’ आणि ‘एफ-२’. तिसरीची पट्टी गळून पाटीवर पडली होती. उलटून पाहिली, ‘एफ-१’.

वायर लावून पाहण्याचा मोह फार झाला, पण लावली नाही. पॉवर सप्लायमधला रेग्युलेटर शॉर्ट झालेला असेल तर पाच व्होल्टच्या जागी बारा जातील, आणि ३४ वर्षं टिकलेलं एका क्षणात जळेल. आधी तिन्ही आयसी वाचायच्या. त्यांच्या प्रती दोन ठिकाणी ठेवायच्या. मगच फलकाला वीज.

११ फेब्रुवारी, रविवार

फोटो काढले, प्रत्येक आयसी कुठल्या दिशेने बसली आहे ते वहीत काढून घेतलं.

पी-१ ही २७१२८, म्हणजे १६ किलोबाइट. एफ-१ आणि एफ-२ दोन्ही २७६४, आठ-आठ किलोबाइट, २८ पायांच्या. एफ-१ वरचा तारखेचा आकडा ८८२३, म्हणजे १९८८ चा तेविसावा आठवडा.

मला काळजी एफ-१ ची आहे. या जातीची मेमरी इंटेलच्या डोव्ह फ्रोमन यांनी १९७१ साली आणली. ट्रान्झिस्टरच्या गेटची जोडणी तुटलेल्या, बिघडलेल्या आयसींचा तपास करताना त्यांना कल्पना सुचली: कशालाच न जोडलेल्या गेटवर इलेक्ट्रॉन अडकवून ठेवले, तर ते वर्षानुवर्षं तिथेच राहतील. पहिली १७०२ ही आयसी फक्त २०४८ बिटांची होती. इलेक्ट्रॉन अडकलेला कप्पा वाचताना ‘०’ देतो, रिकामा कप्पा ‘१’. कोरी आयसी म्हणजे सगळीकडे एफएफ, सोळाच्या पटीतल्या (हेक्स) आकड्यांत आठही बिट ‘१’. पुसायची असेल तर त्या खिडकीतून २५३.७ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश पंधरा-वीस मिनिटं द्यायचा.

पण पुसायला दिवाच लागतो असं नाही. इंटेलच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं असायचं की उघड्या खिडकीवर सतत थेट ऊन पडलं तर साधारण आठवड्यात, आणि सतत ट्यूबलाइटचा उजेड पडला तर साधारण तीन वर्षांत आयसी पुसली जाऊ शकते. फलक पश्चिमेकडे तोंड करून होता. झाकणाची एक कड वाकलेली आहे. एफ-१ ची पट्टी कधी गळली कोण जाणे.

तिच्यावर लगेच काळी टेप लावली.

१४ फेब्रुवारी, बुधवार

मेमरीला आधार देणारी ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी फुटून पाटीवर निळसर-हिरवा खवला चढला होता. बॅटरी कापून काढली, खवल्यावर व्हिनेगर लावलं, ब्रशने घासलं, नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतलं. दोन तारा खाल्ल्या गेल्या आहेत, त्या नंतर जोडू.

१८ फेब्रुवारी, रविवार

आयसी बेसमधून काढल्या. पी-१ आणि एफ-१ सुखरूप निघाल्या. एफ-२ बॅटरीच्या सर्वांत जवळ होती. दोन्ही टोकांना आळीपाळीने चपटा स्क्रूड्रायव्हर घालून केसभर-केसभर उचलत होतो, तेवढ्यात एक बारीक ‘टिक्’ असा आवाज आला. १५ नंबरचा पाय बेसमध्येच राहिला.

थोडा वेळ तसाच बसून राहिलो. मग भिंग लावलं. पाय खांद्याच्या थोडा खाली तुटला होता, अंगाला चिकटून एक मिलिमीटरभर धातू शिल्लक होता, वरून काळा पडलेला. ब्लेडच्या टोकाने तो खरवडला, आतला पांढरा धातू दिसेपर्यंत. फ्लक्सचा थेंब टाकला. रेझिस्टरची कापलेली तार वाकवून टेकवली आणि सोल्डरिंग आयर्न मोजून दोन सेकंद लावलं. पहिल्यांदा सोल्डरची गोळी झाली, धरली नाही. पुन्हा खरवडलं. दुसऱ्यांदा सोल्डर तारेवरून धातूवर पसरलं, आणि ओलं झाल्यासारखं चमकलं. आता ही आयसी पुन्हा पुन्हा घालायची-काढायची नाही, म्हणून ती गोल पायांच्या बेसमध्ये कायमची बसवली. यापुढे झिजेल ते बेसचं.

१५ नंबर म्हणजे २७६४ चा डी-३, डेटाची चौथी तार. तुटका राहिला असता तर प्रत्येक अक्षराची एक आडवी ओळ गेली असती.

१९ फेब्रुवारी, सोमवार

शिवजयंतीची सुट्टी. दिवसभर तारा.

मित्राने तयार प्रोग्रामर, म्हणजे आयसी वाचायचं-लिहायचं यंत्र, देऊ केला होता, तो आज तरी नको म्हटलं. बरेच प्रोग्रामर आयसी ओळखण्यासाठी ए-९ या पायावर १२ व्होल्ट देतात. नंतरच्या आयसी त्यावर आपला आणि कंपनीचा क्रमांक सांगतात, पण सुरुवातीच्या काळातल्या कित्येकांत ती सोयच नव्हती, आणि तिथे १२ व्होल्ट म्हणजे नुसती इजा. ती खूण आपोआप तपासणं बंद करता येतं, पण मला व्होल्टेजही हाताने बदलायचं होतं. म्हणून आर्डुइनो मेगा हा छोटा कंट्रोलर बोर्ड, ब्रेडबोर्ड आणि जंपर.

जोडणी अवघड नाही. पत्त्याच्या तारा आर्डुइनोने हलवायच्या, आयसी जागी करणारा सीई आणि तिचा डेटा बाहेर सोडणारा ओई हे पाय शून्यावर आणायचे, आठ डेटा वाचायचे. २७६४ वाचताना व्हीपीपी आणि पीजीएम हे लिहिण्यासाठीचे दोन्ही पाय पाच व्होल्टला बांधून ठेवायचे. लिहिताना २१ व्होल्ट लागणारी जुनी २७६४ आणि १२.५ व्होल्टची २७६४ए असा भेद आहे, वाचताना दोन्ही सारख्याच.

एक गोष्ट मात्र नवख्याला दिवसभर रडवते. या जुन्या बनावटीची (एनमॉस) आयसी ‘१’ म्हणताना २.४ व्होल्ट दिले तरी नियमात बसते, आणि मेगाला ‘१’ मानायला तीन व्होल्ट लागतात. मधल्या पट्ट्यात वाचन कधी बरोबर, कधी चूक. म्हणून मध्ये ७४एचसीटी२४५ ही बफर आयसी घातली. तिला दोन व्होल्ट पुरतात. पुण्याच्या तपकीर गल्लीतून गेल्या महिन्यात आणलेल्या दोन घरात पडून होत्या.

पी-१ वाचली. पाच वेळा, पाचही वेळा तंतोतंत एकच. पहिले तीन बाइट ०२ ०१ ४०, म्हणजे ८०३१ च्या भाषेत ‘०१४० या पत्त्यावर उडी मार’. तिथे गेलो तर ७५ ८१ ५०, स्टॅक (तात्पुरत्या नोंदींची जागा) कुठे ठेवायचा त्याची आज्ञा. ०००बी वर टायमरची उडी, न वापरलेल्या इंटरप्टच्या जागी ३२, म्हणजे आल्या पावली परत. सुबक, नीटनेटकं काम. ज्याने लिहिलं त्याला आपण काय करतोय ते पक्कं माहीत होतं.

प्रत संगणकावर, एक पेन ड्राइव्हवर, एक भावाला पाठवली.

२५ फेब्रुवारी, रविवार

एफ-१ आणि एफ-२.

एफ-२ पाचही वेळा एकसारखी. जोडलेला पाय काम करतोय.

एफ-१ पाच वेळा वाचली आणि पाच फायली निघाल्या. फरक थोडा, एका वाचनात अकरा बाइट, दुसऱ्यात आठ. पण फरक आहे, आणि तो दर वेळी ठरावीक पत्त्यांवरच आहे. तार सैल असती तर फरक कुठेही उमटला असता. हे कप्पे स्वतःच डळमळीत आहेत.

तो प्रश्न बाजूला ठेवून आधी आत काय आहे ते पाहायला घेतलं. दोन्ही आयसींत सुरुवातीचे २६८८ बाइट भरलेले, पुढचे ५५०४ बाइट कोरे एफएफ. एफ-१ च्या भरलेल्या भागात एकच आकडा ओळीच्या ओळी व्यापून होता: ईएफ. ईएफ ईएफ ईएफ, मध्येच ०एफ, परत ईएफ. कोऱ्या जागेचा म्हणावा तर तो एफएफ असतो. ८०३१ ची आज्ञा म्हणावी तर एकच आज्ञा इतक्या वेळा कोण लिहील?

चहा ठेवायला उठलो आणि ओट्याशी उभ्या उभ्या लक्षात आलं. ईएफ बिटांत लिहिला तर १११० ११११. आठांतला एकच बिट शून्य, आणि तो सगळीकडे तोच. या फलकात ‘०’ म्हणजे पेटलेला दिवा असेल तर सोळांपैकी एक आडवी ओळ अखंड पेटलेली आहे.

ती शिरोरेषा आहे.

एफ-१ म्हणजे वरच्या आठ ओळी, एफ-२ म्हणजे खालच्या आठ. प्रत्येक अक्षराला सोळा उभ्या रकान्यांचं घर, अशी १६८ घरं. एका घराचे पहिले आठ रकाने हे असे:

एफ-१ : ईएफ ईएफ ईएफ ईएफ ईएफ ईएफ ०एफ ईएफ
एफ-२ : एफएफ एफ८ एफ८ एफई एफई एफई ई० एफएफ

कागदावर चौकोन रंगवत गेलो:

████████
······█·
······█·
······█·
·██████·
·██···█·
·██···█·
······█·
······█·

‘न’. गाठीसकट. ०एफ आणि ई० ही जोडी म्हणजे अक्षराचा उभा दंड, शिरोरेषेपासून खाली नऊ ठिपके. वर वेलांटी-मात्रेसाठी चार ओळी राखलेल्या, खाली उकारासाठी तीन. कुणीतरी हे आलेख कागदावर एकेक ठिपका विचार करून बसवलं आहे. सोळा ओळींत देवनागरी बसवणं सोपं नसतं. इंग्रजी अक्षर सात ओळींत भागतं, आपल्याला डोक्यावर आणि पायाखाली जागा लागते.

२ मार्च, शनिवार

छोटा प्रोग्रॅम लिहून १६८ घरांचा एक मोठा तक्ता छापला आणि भिंतीवर लावला. ल आणि श मराठी वळणाचे. ळ आहे. क्ष, ज्ञ, श्र, त्र वेगळे. अर्धी अक्षरं वेगळी. ते पाहत बसण्यात अर्धी सकाळ गेली.

मग एफ-१ मधली खराबी शोधायला शिरोरेषेचीच मदत घ्यायची ठरवलं. आयसी म्हातारी होते तेव्हा इलेक्ट्रॉन निसटतात, म्हणजे ‘०’ चा ‘१’ होतो, उलटं होत नाही. या फलकावर त्याचा अर्थ पेटलेला दिवा विझतो. अक्षराच्या रुंदीत शिरोरेषेचा दिवा जिथे विझलेला दिसेल ती जागा संशयित. आकड्यांना शिरोरेषा नसते, म्हणून ते सोडले.

यादी आली आणि पहिल्याच नजरेत कळलं की नियम भोळा आहे. ध, भ आणि थ यांच्या डोक्यावर खंड असतोच. तो खंड भरला तर ध चा घ होतो आणि भ चा म. आणि उलट बाजूने, म ची रेघ डावीकडे निसटली तर ‘मका’चा ‘भका’, ‘घेवडा’चा ‘धेवडा’. दोन ठिपक्यांचा प्रश्न आहे, पण बाजारात तेवढ्याने माल बदलतो.

तक्त्यातला म खरंच भ सारखा दिसत होता. आणि घ ची रेघ दोन वाचनांत तुटलेली, तीन वाचनांत धड.

मी मराठी वाचतो, म्हणून मला ‘इथे म असायला हवा’ हे कळतं. पण अंदाजाने ठिपके भरले तर ते माझं अक्षर होईल, आयसीतलं नाही. आयसीकडूनच उत्तर काढायला हवं.

३ मार्च, रविवार

आजचा दिवस या सगळ्या कामातला सर्वांत चांगला.

कप्पा वाचताना नेमकं काय होतं ते पुन्हा मांडून घेतलं. अडकलेले इलेक्ट्रॉन ट्रान्झिस्टर चालू व्हायला लागणारा व्होल्टेजचा उंबरठा वर उचलून धरतात. वाचताना गेटवर जवळपास पुरवठ्याइतकं व्होल्टेज येतं, उंबरठा त्याच्या वर असेल तर ट्रान्झिस्टर बंद राहतो आणि आपण ‘०’ वाचतो. इलेक्ट्रॉन थोडे थोडे निसटले की उंबरठा खाली येतो. तो पाच व्होल्टच्या आसपास येऊन थबकला तर कप्पा कधी ‘०’ म्हणतो, कधी ‘१’. उंबरठा आपल्याला उचलता येत नाही. पण व्होल्टेज खाली आणता येतं. चार्ज पूर्ण गेलेला नसेल तर कमी व्होल्टेजवर तो कप्पा पुन्हा ‘०’ म्हणेल.

एफ-१ चा पुरवठा वेगळा करून एलएम३१७ या व्होल्टेज बदलता येणाऱ्या रेग्युलेटरवर घेतला, मल्टिमीटर लावून ठेवला. पत्ता दिल्यावर थांबण्याचा वेळ वाढवला, कारण व्होल्टेज कमी केलं की आयसी मंदावते. प्रत्येक पायरीला दहा वाचनं.

५.५ व्होल्ट: उलट दिशेची खात्री म्हणून आधी हे. दहा वाचनांत ३७ बाइट डळमळीत. म्हणजे तर्क बरोबर दिशेने आहे.

५.० व्होल्ट: १४ बाइट डळमळीत, शिवाय म आणि ल मधले काही ठिपके दहाही वेळा विझलेलेच.

४.७: चार बाइट.

४.४: शून्य. दहा फायली, एकच बेरीज.

४.१: शून्य. आणि म ची रेघ आली! डावीकडचे दोन्ही ठिपके, दहाही वेळा. ल चा डावा खांदाही.

३.८: इथे कोऱ्या भागात शून्यं दिसायला लागली. थांबलो.

हा कोरा भाग फार मोलाचा ठरला. व्होल्टेज फार खाली नेलं तर आयसी रिकाम्या कप्प्यालाही ‘०’ म्हणू लागते, आणि मग आलेला ठिपका खरा की खोटा ते कसं ठरवायचं? कोरे ५५०४ बाइट साक्षीला होते. ४.१ व्होल्टला त्यांतला एकही बिट हलला नाही. ध, भ आणि थ यांच्या डोक्यावरचे खंड त्याच वाचनात जसेच्या तसे राहिले. म भरला आणि भ मोकळाच राहिला. एकाच वाचनात.

संशयितांच्या यादीत आता एकच जागा उरली, पत्ता ०ए७२. हे शेवटचं, १६८ वं घर. तिथे शिरोरेषेचा एक ठिपका ४.१ लाही विझलेलाच आहे.

८ मार्च, शुक्रवार

महाशिवरात्र, सुट्टी. संदेशांकडे वळलो.

पी-१ मध्ये आज्ञावलीच्या पाठोपाठ संदेशांची यादी आहे. १९९१ साली भारतीय मानक म्हणून आलेल्या इस्कीच्या, म्हणजे भारतीय लिपींच्या अक्षर-संकेतांच्या, तक्त्याशी ताडून पाहिलं. त्यात क म्हणजे बी३, ख म्हणजे बी४. काही जुळेना. मग लक्षात आलं की हे सरळ घरांचे क्रमांक आहेत. आणि क्रम उच्चाराचा नाही, डोळ्यांना दिसतो तो आहे. ‘किमान’ हा शब्द आधी वेलांटी, मग क, म, काना, न असा लिहिलाय. ‘क्विंटल’मध्येही आधी वेलांटी, मग अर्धा क, व, अनुस्वार, ट, ल. मराठी टंकलेखनयंत्रावर बोटं अशीच चालायची. ज्याने हे लिहिलं तो टंकलेखन शिकलेला असावा, किंवा शिकलेल्याच्या शेजारी बसून त्याने लिहिलं असावं.

२३ संदेश निघाले. ‘आजची आवक’, ‘उन्हाळ कांदा’, ‘हमालांनी ओळखपत्र बाळगावे’, ‘पाणी जपून वापरा’. गंमत चौथ्या संदेशाच्या जागी आहे: तिथे नुसती शून्यं. आणि यादीच्या अगदी शेवटी, क्रमाबाहेर: ‘शेतकऱ्यांनी माल वाळवून व निवडून आणावा’.

ईप्रॉम न पुसताही थोडी दुरुस्ती करता येते, हे माहीत असणाऱ्याचं हे काम आहे. ‘१’ चा ‘०’ कधीही करता येतो, म्हणून नको असलेला मजकूर सगळा शून्य करून टाकायचा. आज्ञावली शून्य दिसलं की पुढे सरकते. आणि यादी पहिल्या एफएफवर संपत असल्यामुळे नवा संदेश शेवटी कोऱ्या जागेत लिहिला की यादी आपोआप लांबते.

या शेवटच्या संदेशात १६८ वं घर वापरलंय. त्या घरात काय आहे? ‘ऱ्य’. घरांचा क्रम स्वर, व्यंजनं, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, आकडे, विरामचिन्हं असा आहे, आणि पूर्णविरामानंतर, सर्वांत शेवटी हा एकटा ‘ऱ्य’. तो नंतर आला आहे.

१० मार्च, रविवार

अण्णांकडे गेलो. समितीत तीस वर्षं लिलाव कारकून होते, आता घरीच असतात. तक्ता गुंडाळी करून नेला होता.

“तू शाळेतल्या बाईंचा ना? ये, बस.”

तक्ता पलंगावर पसरला. अण्णांनी चष्मा पुसला आणि बोट ठेवत एकेक अक्षर वाचत गेले, पहिलीतल्यासारखं मोठ्याने. मी म्हटलं, “अण्णा, हा फलक बनवणारा माणूस आठवतो का?”

“पोरगा होता. पुण्याहून एस्टीनं यायचा. चौकटीच्या कागदाची वही. आम्हाला विचारायचा, तुमच्याकडं कुठकुठले शब्द लागतात? मी म्हणलं, जुड्या लिही, गोणी लिही.” जरा थांबून म्हणाले, “पहिल्या दिवशी फलक लावला अन् उमटलं काय? शेतकर्यांनी. य च्या डोक्यावर रफार. सगळे म्हणले चालतंय, कळतंय. मी म्हणलं नाही चालायचं. ज्याच्या जिवावर बाजार, त्याचंच नाव दारावर चुकीचं?”

“मग?”

“मग काय, तो काही बोलला नाही. मान हलवून गेला. आठ दिवसांनी आला तो पेटीत मशीन घेऊनच. शिडी लावून झाकण उघडलं, ते किडे काढले तिन्ही, माझ्याच टेबलावर बसून केलं काहीतरी दोन तास. परत बसवले. अन् मग आलं बरोबर. मला खालून हाक मारून विचारलं, आता बघा, झालं का? मी म्हणलं, झालं.”

आयसीला ते किडे म्हणतात. पायांमुळे असेल.

मी त्यांना चौथ्या जागेवरची शून्यं दाखवली. “हे बघा अण्णा, इथे तो जुना शब्द होता. त्याने तो खोडून टाकलाय.” त्यांनी त्या शून्यांवर बोट फिरवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आत वळून म्हणाले, “अगं, चहा टाक, पोरगं लांबून आलंय.”

०ए७२ चा ठिपका कसा होता ते त्यांना आठवत नाही, आणि आठवणार तरी कसं.

१६ मार्च, शनिवार

पॉवर सप्लाय वेगळा काढून तपासला. कपॅसिटर फुगलेले, बदलले. रेग्युलेटर ठीक निघाला. खाल्लेल्या दोन तारा वरून वायर टाकून जोडल्या.

मूळ आयसी परत बसवायच्या नाहीत. एफ-१ आणि एफ-२ च्या जागी एटमेलच्या २८सी६४बी, विजेनेच पुसता-लिहिता येणाऱ्या, घेतल्या. पायांची मांडणी वाचनापुरती तीच, पीजीएमच्या जागी यांचा लिहिण्याचा पाय येतो आणि पाटीवर तो पाच व्होल्टलाच बांधलेला आहे. पी-१ साठी नवी २७सी१२८. एफ-१ मध्ये ४.१ व्होल्टचं वाचन भरलं, एकही बिट हाताने न बदलता.

०ए७२ बद्दल दोन दिवस विचार केला. ऱ्य च्या डाव्या चंद्रकोरीवर शिरोरेषा न्यायची की नाही, यात छापील अक्षरांतही दोन रीती दिसतात. त्याने ती मुद्दाम तोडली असेल. किंवा माझ्या हाती यायच्या आधीच तो कप्पा पूर्ण रिकामा झाला असेल. हे घर नंतर, टेबलावरच्या मशीनवर लिहिलेलं आहे, तिथे चार्ज मुळातच कमी बसला असण्याचीही शक्यता आहे. आयसी ‘१’ म्हणते, मी ‘१’ ठेवला. फाइलीसोबत तसं लिहून ठेवलं आहे.

वीज लावली. आधी सगळे दिवे एकदम लागून विझले. मग उजव्या कडेने ‘आ’ आत आला.

१७ मार्च, रविवार

फलक अंगणात रात्रभर चालू ठेवला होता. सकाळी २३ संदेशांची फेरी बिनचूक फिरत होती. उजवीकडून तिसरा एलईडी पट्टा मंद आहे, त्याचे दोन ट्रान्झिस्टर बदलायचे. भाव भरण्याचा कीपॅड अजून उघडलेला नाही, आणि मेमरीला नवी बॅटरी द्यायची आहे.

मूळ तिन्ही आयसी काळ्या फोममध्ये खोचून पत्र्याच्या डबीत ठेवल्या. एफ-१ ची टेप तशीच, आणि तिची गळलेली बॉलपेनची पट्टी वेगळ्या पाकिटात. वाचनाच्या सगळ्या फायली, व्होल्टेजसकट, तीन ठिकाणी. समितीच्या सचिवांना फोन केला, पत्रे बसायला अजून महिना आहे म्हणाले.

संध्याकाळी अण्णांचा नातू त्यांना गाडीवर घेऊन आला. खुर्ची टाकून फलकासमोर बसवलं. ‘हमालांनी’ गेलं, ‘पाणी जपून’ गेलं. ‘शेतकऱ्यांनी’ आलं तेव्हा ते खुर्चीतून थोडे पुढे झुकले आणि अक्षर डाव्या कडेला जाऊन विझेपर्यंत नजर फिरवत राहिले. मग म्हणाले, “परत कधी येतं ते?”

“दोन मिनिटांनी, अण्णा.”

“असू दे. बसतो.”